उष्टी हळद

जनवाडा,
२८ मे २०२३

मंजू,

आधी भांडण, मग खुशाली. फोन का उचलत नाहीस? काल तर पहिल्याच रिंगला कट केलास, म्हणजे फोन हातातच होता. होस्टेलात असताना माझा नंबर तू 'विजू वेडी' या नावाने ठेवला होतास. आता 'वहिनी' केलंयस की काय, आणि ते वाचूनच घाबरतेस? म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण त्याआधी दोन ओळी तरी डोळ्यांखालून जातात.

खुशाली म्हणशील तर मी माहेरी आहे. ते तुला ठाऊकच आहे, माझी बॅग गाडीत तूच ठेवलीस. "दवाखाना करून घे, मग बघू," असं काकू म्हणाल्या. तुझ्या आईला मी अजून काकूच म्हणते. सासू म्हणून आत्या म्हणायला जीभ वळायच्या आतच परत आले. लग्नाला अजून महिना झालेला नाही आणि मी इथे भांडी घासते आहे, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक बाईला आमच्याच दारावरून जायचं काम निघतं.

फोड वाळले. आता त्या जागी तपकिरी पट्टे उमटलेत. डाव्या गालावर चार बोटं आहेत, कानापासून हनुवटीपर्यंत. गळ्यावर तीन. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी थोबाडीत दिली. शेजारच्या गीताबाईनं आईला बाजूला घेऊन विचारलं, "जावई हात उचलायलाय का गं?" आई म्हणाली, "न्हाई ओ, हळदीचं हाय." गीताबाईला ते त्याहून खोटं वाटलं.

गळ्यावरची बोटं आईची आहेत. गालावरची तुझी, मंजू. पहिली हळद तूच लावलीस ना? आदल्या संध्याकाळी तुझ्या दादाला लागलेली हळद तू खटकचिंचोळीहून जीपमधून घेऊन आलीस. पितळेच्या वाटीवरचं फडकं काढलंस आणि सगळं अंगण घमघमलं. माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "माझ्या साबण-क्रीमसाठी हैदराबादहून मागवलेलं तेल हाय, लिंबाच्या सालीचं. अर्धी बाटली वतलेय. साऱ्या जनवाड्याला कळू दे, हळद कुणाच्या घरची हाय!" मी म्हटलं, "मला लग्नाला बसायचंय का लोणच्याला?" आणि आपण दोघी इतक्या हसलो की आई ओरडली.

ते तेल घातल्याचं तू फक्त मला सांगितलं होतंस. घरात सांग, मंजू. काकूंना वाटतं की माझ्या अंगात आधीपासून काहीतरी होतं आणि आम्ही ते लपवून लग्न उरकलं. तुझा दादा काही बोलत नाही, पण तोही तेच धरून बसला असणार. तू एवढं एकच वाक्य बोललीस की मला न्यायला गाडी येईल. मी बॅग अजून रिकामी केलेली नाही.

तुझी,
विजू


जनवाडा,
२१ जून २०२३

मंजू,

आनंदाची बातमी आहे, म्हणून तुझ्या गप्प बसण्याचा राग आज बाजूला ठेवते.

अप्पांनी काल बीदरला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई आहेत, कानडी बोलतात, मध्येच हिंदी. आजवर ज्यांनी ज्यांनी तोंड बघितलं त्यांनी आधी हेच विचारलं की घरात कुणाला आहे का. या बाईंनी नुसतं माझं तोंड उजेडाकडे वळवलं, बोटांचे ठसे बघितले आणि विचारलं, "अंगाला लिंबू लावून उन्हात बसली होतीस का?"

मला रडूच आलं. आईनं सगळं सांगितलं. हळद, वाटी, वास. तेल घातल्याचं मी सांगितलं, फक्त तुझं नाव घेतलं नाही, नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हटलं. बाई म्हणाल्या, लिंबाची साल दाबून जे तेल काढतात त्यात एक द्रव्य असतं. ते कातडीवर राहिलं आणि वर ऊन पडलं की दोन्ही मिळून भाजतं. लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल होतं, फोड येतात, मग काळपट डाग पडतो, आणि जिथे जसं लागलं असेल तसाच पडतो.

आईला ते पटेना. ती म्हणाली, "आमच्या मंजूच्या हातच्या साबणात तेच तेल हाय की. आमी घरातले समदे त्यानंच आंघोळ करायलाव. मग त्यानं कामून काय होत न्हाई?" आई अजून 'आमच्या मंजूच्या' म्हणते. बाई हसल्या. साबण आपण धुऊन टाकतो, तो अंगावर थांबत नाही, म्हणून चालतो. जे अंगावर तसंच ठेवायचं, क्रीम म्हण, उटणं म्हण, त्यात हे तेल अगदी नावाला घालायचं. नाहीतर वाफेवर काढलेलं घ्यायचं, त्यात ते द्रव्य उतरत नाही. वास तोच, त्रास नाही. अर्धी बाटली म्हटल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

मी विचारलं, "जाईल का?" म्हणाल्या, जाईल, काही महिने लागतील, उन्हात मात्र तोंड झाकून फिर. हा रोग नाही. कुणाला लागत नाही, मुलाबाळांत उतरत नाही. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलंय.

आता तर तुला सोपं झालं ना गं? तुझा गुन्हा नाही हा. त्या बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं आणि तुला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्यासाठी चांगलं करायला गेलीस. मी काकूंच्या समोर तुझा हात धरून हेच सांगेन. आणि राहिलेली बाटली क्रीममध्ये ओतू नकोस, साबणातच संपव.

गाडी कधी पाठवताय ते कळव. पाहुण्यांसारखी तारीख नको, आदल्या दिवशी सांगितलंस तरी मी तयार असेन.

विजू


जनवाडा,
३० ऑगस्ट २०२३

मंजू,

अप्पा परवा तुमच्या घरी आले होते. तुला काय सांगायचं, तू तिथेच होतीस.

अप्पा घरी आले ते थेट गोठ्यात गेले. म्हशीला पाणी पाजलं, शेण काढलं, आणि मग तिथेच बसून राहिले. गाव ज्यांना उद्धवराव पाटील म्हणून मान देतं ते अप्पा गोठ्यात तोंड लपवून बसलेले मी पहिल्यांदा बघितले. जेवताना थोडं थोडं सांगितलं.

डॉक्टरांचा कागद काकूंनी हातातही घेतला नाही म्हणे. "कागदाचं काय, पैसे दिले की मिळतेत," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाहुणं, उष्टी हळद हाय ती. येकाच वाटीतली. आधी माझ्या लेकाला लागली, मग तुमच्या पोरीला. माझ्या लेकाच्या अंगावर येक पुटकुळी तरी उठली का? मग खोट हळदीत हाय का अंगात, तुमीच सांगा. कामून लपवलाव?"

याचं उत्तर मला सुचतंय, इथे चुलीपुढे बसून. तुझ्या दादाची हळद संध्याकाळी होती. मंडपात लाइट लावले होते, ऊन कुठलं? आणि लगेच त्याला न्हाऊ घातलं. माझी सकाळी होती, अंगणात, मे महिन्याच्या उन्हात. आणि आमची आई म्हणत होती, "वाळू द्या, वाळली की रंग चढतो." ती वाळेपर्यंत मी पाटावर बसले होते. मग चढला की रंग.

एका वाटीतली हळद म्हणून जी गोष्ट दोघांना जोडायची, त्याच वाटीनं मला घराबाहेर काढलं. हे अप्पांना समजावून मी परत पाठवू शकते. पण अप्पा जाणार नाहीत. कारण तेल तू घातलंस हे मी त्यांना निघताना सांगितलं होतं, आणि शेवटी त्यांनी तुला विचारलं. तू आतल्या दारात उभी होतीस. "मंजुश्री, तू तरी सांग की गं बाई, त्यात काय घातलं हुतंस?"

आणि तू म्हणालीस, "मला काय म्हाईत न्हाई, काका."

हे वाक्य अप्पांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना वाटलं, आपलीच पोरगी खोटं बोलत असेल.

तर आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते तुला लिहिते. मला माहेरी पाठवायच्या आदल्या दिवशी तू मला पाणी द्यायला आलीस. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला होतास. तांब्या पुढे केलास तशी बाही वर सरकली. मनगटापासून कोपराकडे एक तपकिरी ओघळ गेला होता. मला हळद लावताना वाटीतली तुझ्या हातावर सांडली असणार, आणि तूही माझ्याबरोबर उन्हात नाचत होतीस. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. मग तू बाही खाली ओढलीस आणि म्हणालीस, "आणखी पाणी देऊ का?"

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातावर आहे, मंजू. माझ्या अंगात खोट आहे, तर मग तुझ्या अंगात काय आहे?

मी हे अप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच पावली परत जाऊन तुझी बाही सगळ्यांसमोर वर करायला लावली असती. ते मला नको आहे. तुझ्यासाठी स्थळं बघताहेत, हे मला कळतं. नवरी भाजणारी पोरगी म्हणून नाव झालं की काय होईल, तेही कळतं. म्हणून अजून तोंड उघडलेलं नाही. तू स्वतःहून बाही वर करशील, अशी वाट बघते आहे.

डाग आहे तोवर कर. डॉक्टर म्हणाल्या तसा तो जाणार आहे, माझाही आणि तुझाही.

विजू


जनवाडा,
१२ डिसेंबर २०२३

मंजू,

काल तुझ्या दादाचा फोन आला होता. तुला माहीत नसेल, बहुतेक चोरूनच केला असावा, मागे बाजाराचा गलका होता.

"डाग गेलेत का?"

"जायलेत. गळ्यावरचे गेले. गालावरचे हायेत थोडे."

"आई म्हणते परत येतेत."

"न्हाई येत. मंजूला विचारा. तिला समदं म्हाईत हाय."

मग त्याचा आवाज बदलला. "माझ्या बहिणीवर कामून घालायलीस? तिचं लगीन करायचंय आमाला."

फोन ठेवेल म्हणून मी वाट बघत होते, तर म्हणाला, "जेवलीस का?" मी व्हय म्हटलं. मग ठेवला.

मी रडले नाही, असं लिहिणार होते. रडले. तुझा दादा वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. फोड आले होते तेव्हा घरातलं कुणी उठायच्या आधी तो चौकात जाऊन बर्फ घेऊन आला होता, टॉवेलात गुंडाळून. मी गालाला लावून बसले आणि तो समोर उकिडवा बसून विचारत राहिला, "गार वाटायलंय का? आता तरी?" एवढाच माझा संसार, मंजू. तो टॉवेल मी बॅगेत घालून आणला, तो अजून तुमच्याकडच्या कुणी मागितलेला नाही.

बाकी काय लिहू? इथल्या शाळेत पहिलीच्या वर्गावर मला घेतलंय. पोरं गालाला बोट लावून विचारतात, "टीचर, कुणी मारलं?" मी म्हणते, माझ्या मैत्रिणीनं.

आज सही करत नाही. अक्षर ओळखशीलच.


बीदर,
३ मार्च २०२४

मंजू,

बसस्टँडवरच्या पोस्टात उभी राहून लिहिते आहे, घरी जाईपर्यंत धीर नाही.

रुद्रम्माच्या दुकानात बांगड्या घ्यायला गेले होते. काउंटरवर तुझी डबी. हळद-चंदन क्रीम, झाकणावर तुझं नाव, फूल काढलेलं. होस्टेलातल्या वहीच्या मागच्या पानावर तू तेच फूल काढायचीस. मी डबी उलटी केली. मागे कानडीत आणि मराठीत बारीक अक्षरात छापलंय.

'सुगंधासाठी वाफेवर काढलेले लिंबाचे तेल, अल्प प्रमाणात. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. खाज अथवा आग झाल्यास वापरू नये. लावून कडक उन्हात बसू नये.'

मी तिथेच उभी राहिले. म्हणजे तू माझी पत्रं वाचलीस. सगळी. माझ्या जूनच्या पत्रातला शब्द न् शब्द डबीवर आहे.

रुद्रम्मा म्हणाली, "घे की बाळा, चांगली हाय. त्या पोरीनं लई अभ्यास केलाय म्हणं." मी म्हटलं, "व्हय. माझ्याच गालावर केलाय." तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

मी डबी घेतली. वास घेतला. तोच आहे गं, अंगणातला. हुशार आहेस तू. आता भालकीपासून बीदरपर्यंत कुठल्याही पोरीला तुझ्या क्रीमनं काही होणार नाही, आणि ते बरंच झालं, मला त्याचं वाईट कसं वाटेल? पण मला वाईट वाटतंय. जे ओळखीच्या ना पाळखीच्या बायांना तू छापून सांगितलंस, ते स्वतःच्या आईला स्वयंपाकघरात बसून सांगता येत नाही?

पुढच्या महिन्यात वकिलाकडे बोलावलंय. दोघांच्या संमतीनं वेगळं व्हायचं, असं दोन्हीकडच्या पंचांनी ठरवलंय. माझी संमती कुणी विचारली नाही, पण कागदावर ती लागते म्हणे. अजून वेळ आहे. डबीमागचं शेवटचं वाक्य घरात मोठ्यानं वाच. उन्हात बसू नये. तेवढंच. बाकीचं काकूंना आपोआप समजेल, नाहीतर तुझ्या दादाला तरी समजेल.

बस आली.

विजू


जनवाडा,
२ एप्रिल २०२५

मंजू,

हे शेवटचं. पोस्टमन मला बघून हसायला लागलाय.

फेब्रुवारीत कोर्टात तू येशील असं वाटलं नव्हतं. तुझा दादा सही करायला आत गेला आणि तू पाण्याच्या नळाशी उभी होतीस, अर्ध्या बाह्यांच्या ड्रेसमध्ये. जवळ आलीस. माझ्या गालाला हात लावलास आणि म्हणालीस, "गेले की गं समदे डाग."

"तुझा?"

"माझा तर कवाच गेला."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

तू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. "आधी भ्या वाटायलं होतं. आई म्हणायली, गप बस, तुझं लगीन हुईपतूर गप बस. मग लई उशीर झाला, विजू. आता सांगितलं तर कुणाला खरं वाटंल? दाखवायला काय ऱ्हायलंय?"

म्हणजे काकूंनी तुझा हात बघितला होता. अप्पांना विचारत होत्या, खोट हळदीत आहे का अंगात, तेव्हाही त्यांना माहीत होतं. हे मला त्या नळाशी कळलं. दोन पोरी होत्या, एक त्यांची आणि एक आणलेली. त्यांनी आपली धरली. मी त्यांना शिव्या द्यायला तोंड उघडते आणि वाटतं, माझ्या आईनं काय केलं असतं? मग तोंड मिटते.

तुझं मात्र तसं नाही. तू माझी होतीस. तुझ्यावर मला राग आहे आणि तो जाणार नाही. मी काही देवी नाही.

गीताबाईकडून कळलं, तुझं जमलं. मादन हिप्परग्याचं स्थळ, शेती बरी, मुलगा कलबुर्गीला नोकरीला. याच महिन्यात लग्न. पत्रिका मला येणार नाही, ते बरोबरच आहे.

दोन वर्षं मी तुला एकच गोष्ट मागितली. आता ती मागणी परत घेते. सांगू नकोस. चुकूनही, रडायच्या भरातही, नवऱ्याला जवळचा समजूनही. कोर्टाचा कागद आता फिरत नाही. तुझ्या दादाला दुसरीकडे बघायला लागलेत, हेही कळलंय. तुझ्या बोलण्यानं माझं काही परत येणार नाही, तुझं मात्र जाईल. काकू तुला भीतीपोटी गप बस म्हणाल्या. मी सगळं गमावून म्हणते आहे, एवढा फरक लक्षात ठेव.

आणि एक. हिप्परग्याहून उष्टी हळद येईल. वाटी उघडली की आधी नाकाशी धर. तुझ्या नाकाला कळेल. कसलाही सुवास आला तर ती देवापुढे ठेवून दे आणि घरची साधी हळद भिजवायला लाव. पाट अंगणात मांडू देऊ नकोस, आत बस. वाळली की रंग चढतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, ओली आहे तोवर धुऊन टाक.

होस्टेलात आपलं ठरलं होतं, आठवतं? जिचं लग्न आधी होईल तिला दुसरीनं पहिली हळद लावायची, आणि मग उलट. तू तुझा शब्द पाळलास. माझा राहिला.

सुरुवातीला मी रोज आरशासमोर उभी राहून ती चार बोटं चोळायची, कधी जातील म्हणून. साय लावली, कोरफड लावली, काय काय केलं. ती गेल्याचं मला नेमकं कधी कळलं तेही सांगता येत नाही. काल शाळेतून आले, खिडकी उघडली आणि उजेडात गाल धरून बघत बसले. काहीच नाही गं. एकही बोट नाही. माझं लग्न झालं होतं, त्याची माझ्या अंगावर तेवढीच खूण होती, आणि ती तुझ्या हाताची होती.

सावलीत बस.

विजू